एक्स-रे साफ आला, मग दम काऊन लागते?

वाचक ताईंचं पत्र, थोडं छोटं करून:

"नमस्कार मॅडम, मी नागपूरच्या नंदनवनात राहते, वय ४७, घरगुती मेस आहे, रोज पन्नासेक डबे जातात. दीड-दोन वर्षांपासून जिना चढताना दम लागून राहिला. खोकला पण आहे, कोरडा, उन्हाळ्यात कूलर लागला की जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, साफ आला. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन पाह्यला, ९८. तरी आता म्हणतात पीएफटी, म्हणजे फुंकून फुफ्फुसाचं काम मोजायची टेस्ट, करून घ्या. मी जिंदगीत विडी-सिगारेटला हात नाही लावला, माहेरी उमरेडकडे लहानपणी चुलीवर स्वयंपाक केला तेवढंच. शेजारची म्हणते ती टेस्ट दमावाल्यांची राहते आणि एकदा पंप लागला की सुटत नाही. एक्स-रे साफ असल्यावर पैसे काऊन घालायचे? आणि आमचे हे कळमन्याला मिरचीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, पंचवीस वर्षांपासून विडी ओढतात, त्यांना काहीच त्रास नाही. टेस्ट करायचीच तर त्यांची नको का आधी?"

ताई, टेस्ट करून घ्या. उत्तर आधीच देऊन टाकलं कारण तुम्ही हे सकाळच्या आणि रात्रीच्या डब्यांच्या मधल्या वेळात वाचत असाल, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तरी निदान एवढं तर डोक्यात राहील.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं पीएफटी रूममधे टेक्निशियन होती, म्हणजे ज्या खोलीत तुम्हाला जायचं आहे त्याच खोलीत माझी सगळी नोकरी झाली. औषध कोणतं द्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, मी फक्त या टेस्टबद्दल बोलते, कारण साफ एक्स-रेवर भरोसा ठेवून घरी बसलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की तुमचं पत्र वाचून राहवलंच नाही.

एक्स-रे म्हणजे फोटो. घराचा फोटो काढला तर भिंती दिसतात, ओल दिसते, कुठे पडझड असली तर दिसते, पण नळाला पाणी किती जोरात येते ते फोटोत कसं दिसणार? तुमची तक्रार नळाची आहे. श्वासनळ्या आतून सुजलेल्या असल्या, आकसलेल्या असल्या, तर सुरवातीची कितीतरी वर्षं एक्स-रे चांगलाच येतो. म्हणजे एक्स-रे वाया गेला असं नाही, टीबी, पाणी, गाठ, वाढलेलं हृदय हे पाहायला तो लागतोच, आणि आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला असला तर आधी थुंकी तपासायची हे तर ठरलेलंच आहे, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तुमची नसेल झाली तर डॉक्टरांना विचारून ती पण करून टाका.

बोटावरच्या ९८ चं पण तसंच. कोविडपासून घरोघरी ते मशीन आलं आणि लोकांना वाटायला लागलं की आकडा ९५ च्या वर म्हणजे फुफ्फुस ठणठणीत. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन शरीर खूप उशिरापर्यंत सांभाळून घेते, तो खाली यायला लागतो तेव्हा बराच आजार होऊन गेलेला असतो. आणि ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र, ते तर व्यायामाचं आहे, त्यात श्वास आत ओढायचा असतो, त्यात तीन गोळ्या वर गेल्या म्हणजे टेस्ट पास झाली असं नाही. मोबाईलवर येते ना, वीस सेकंद श्वास रोखून धरा आणि फुफ्फुस तपासा, त्याच्यावर तर मुळीच जाऊ नका.

आता तुमच्या पत्रातल्या "तेवढंच" या शब्दाकडे येते. चुलीवर स्वयंपाक केला तेवढंच. ताई, ते तेवढंच नाही. पऱ्हाटी आणि तुराट्या जाळून, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या पेटवून, फुंकणीला तोंड लावून धुरात डोळे चोळत फुंकणारी दहा वर्षांची पोरगी रोज किती धूर आत घेत होती ते कोणी मोजलंच नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसून बसतात तो आजार, फक्त विडीवाल्यांचा असं आपल्या डोक्यात बसलं आहे, पण २०१६ साली भारतात सीओपीडीचे साधारण साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला आणि त्या अभ्यासात या आजाराच्या ओझ्याचा निम्म्याहून जास्त वाटा हवेच्या प्रदूषणाकडे गेला, घरातला धूर धरून, तंबाखूकडे साधारण पाव. वरून तुमची आत्ताची कढई, सावजी रस्सा करत असाल तर तेल-मिरचीचा तो खकाणा रोज दोन वेळा. शेगडीच्या वर एक्झॉस्ट आहे का? नसेल तर टेस्ट होईपर्यंत पण थांबू नका, आधी तो लावा.

माझ्या आईला अकरा वर्षं एका दवाखान्यातून खोकल्याचं औषध मिळत राहिलं. दर हिवाळ्यात बाटली बदलायची. आई पण म्हणायची वयानं होते बाप्पा, चुलीवर जन्म गेला, खोकला राहणारच. मी स्वतः लोकांच्या टेस्ट करत होती आणि घरच्या माणसाची करायला मला अकरा वर्षं लागली, आणि पहिला आकडा आला तो ४१ टक्के. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईनं पहिल्या सेकंदात जेवढी हवा सोडायला पाहिजे त्याच्या ४१ टक्के. गेलेला श्वास मग परत नाही आला, फक्त घसरण हळू झाली. म्हणून तुम्ही ४७ व्या वर्षी विचारून राहिल्या याचं मला फार बरं वाटलं.

टेस्टमधे होते काय ते सांगते. खुर्चीवर सरळ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, तोंडात नवं माउथपीस देतात. पोट भरून श्वास घ्यायचा, अगदी गच्च, आणि मग एकदम जोर लावून सोडायचा, मेणबत्ती विझवल्यासारखी हळू फुंकर नाही चालत, धाडकन. आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते, कारण लोकांना वाटते पहिल्या जोरात झालं, हवा संपली. नाही संपली. टेक्निशियन ओरडत राहते, सोडा सोडा सोडा, अजून, अजून, अजून थोडी, आणि तुम्हाला वाटते आता काहीच नाही उरलं तरी सहा सेकंद आणि त्याच्याही पुढे, स्क्रीनवरची रेघ आडवी होईपर्यंत सोडत राहायचं. मोठ्या माणसांवर असं ओरडायला मला पहिले सहा महिने फार लाज वाटायची. पण ओरडल्याशिवाय आकडा खरा येत नाही. असे निदान तीन चांगले प्रयत्न पाहिजेत आणि त्यातले सगळ्यात चांगले दोन एकमेकांच्या १५० मिलिलीटरच्या आत पाहिजेत, नाहीतर परत फुंका. तुम्ही लहानपणी फुंकणी मारलेली आहे, तुम्हाला जमेल.

मग पंपाचे चार झटके देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि तेच परत. टेस्टचा अर्धा जीव या दुसऱ्या फेरीत आहे. ती न करताच कोणी रिपोर्ट हातात ठेवला तर विचारा, पंप देऊन परत का नाही घेतली.

रिपोर्टवर आकडे खूप राहतात, तुम्ही तीन पाहा. एफव्हीसी म्हणजे एकूण किती हवा बाहेर टाकली. एफईव्ही वन म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात किती गेली. आणि तिसरा, या दोघांचा भागाकार. समजा एकूण २.४० लिटर आणि पहिल्या सेकंदात १.९०, तर भागाकार ०.७९, नळ मोकळा आहे. एकूण तेवढीच २.४० पण पहिल्या सेकंदात फक्त १.५०, तर भागाकार साधारण ०.६३, म्हणजे हवा आहे पण निघायला अडते. आता पंप दिल्यावर ते १.५० चं १.८० झालं तर नळी उघडली, डॉक्टर दम्याच्या बाजूनं विचार करतील. १.५६ वरच अडकलं आणि भागाकार ०.७० च्या खालीच राहिला तर सीओपीडीच्या बाजूनं. ०.७० ही रेघ काही दगडावरची नाही, वय झालेल्या माणसात ती निष्कारण खाली दिसू शकते आणि चाळिशीच्या आतल्या माणसात खरा दोष सुटू शकतो, म्हणून चांगले डॉक्टर वयाप्रमाणे नॉर्मलची खालची मर्यादा पण पाहतात. आलेखावर पण नजर टाका. सोडलेल्या श्वासाची रेघ टोकावरून सरळ उतरत आली तर छान, मधे झोळीसारखी लोंबली तर नळ्या आकसल्या आहेत. मी तर नाव वाचायच्या आधी ती झोळी पाहायची.

आणि भागाकार चांगला पण एकूण हवाच कमी आली तर? तिथे मला तुमचा कूलर आठवते. तुम्ही लिहिलं कूलर लागला की खोकला वाढते, हे वाक्य डॉक्टरांना सांगितलं का? नसेल तर जसंच्या तसं सांगा. आपल्या नागपुरात एप्रिल ते जून कूलरशिवाय जगणं होत नाही, पण मागच्या वर्षीचा लाकडी भुसा तसाच, टाकीत शेवाळ आलेलं पाणी, आणि तीच हवा रात्रभर तोंडावर, याच्यात बुरशी येते आणि काही लोकांचं फुफ्फुस तिच्यावर भडकते. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०१७ मधे भारतभरातल्या सत्तावीस केंद्रांची एक नोंदणी छापून आली, फुफ्फुस कडक होत जाण्याच्या आजारांची, त्यात सगळ्यात जास्त रुग्ण याच प्रकाराचे निघाले आणि त्यातल्या साधारण निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. यात नळी आकसत नाही, फुफ्फुसाचा स्पंजच घट्ट होत जातो. त्याच्यासाठी डीएलसीओ नावाची टेस्ट राहते, खास गॅस आत घ्यायचा, दहा सेकंद धरायचा, सोडायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो हे ऐकून लोक घाबरतात, पण तो अगदी किंचित राहतो, काही होत नाही. पीएफटी लिहून दिलं आहे म्हणता, त्यात डीएलसीओ पण आहे की फक्त स्पायरोमेट्री, म्हणजे वर सांगितलेली फुंकायची टेस्ट, ते चिठ्ठी घेऊन विचारून घ्या, तुमच्या बाबतीत मी हे नक्की विचारलं असतं. आणि यंदा भुसा नवीन टाका, पाणी साठवून ठेवू नका, टाकी घासून उन्हात वाळवा. घराजवळ कबुतरं बसत असतील तर ते पण सांगा, त्यांच्यानं पण फुफ्फुस असंच भडकू शकते.

टेस्ट नॉर्मल आली तर? मग काहीच नाही असं समजून गप्प बसू नका. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या खूप असतात आणि त्यातल्या बऱ्याच बिघडल्या तरी स्पायरोमेट्रीचा आकडा हलत नाही. ऑसिलोमेट्री म्हणून टेस्ट आहे, त्यात जोर लावायचा नसतो, नुसता साधा श्वास घेत बसायचं, मशीन हवेच्या लहरी पाठवून अडथळा मोजते, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना फार सोयीची, सगळीकडे नाही पण मोठ्या ठिकाणी मिळते. दमा तर आज आहे उद्या नाही असा राहते, बऱ्या दिवशी टेस्ट नॉर्मलच येणार, तेव्हा डॉक्टर त्रासाच्या दिवसात परत बोलावतील, किंवा घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र, देऊन सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहायला लावतील. आणि दम फक्त फुफ्फुसानंच लागते असं पण नाही, हिमोग्लोबिन, थायरॉइड, हृदय, तुमच्या वयात तिन्ही पाहायला पाहिजेत.

टेस्ट कुठे करता याला महत्त्व आहे. कॅम्पमधे टेबलावर हातात धरायचं छोटं मशीन ठेवून एका फुंकीत "तुमच्या फुफ्फुसाचं वय ६८" सांगतात, त्या आकड्यावर रडू पण नका आणि हसू पण नका, तो फक्त नीट टेस्ट करायचा इशारा समजा. चांगल्या लॅबमधे रोज सकाळी तीन लिटरच्या मोठ्या सिरिंजनं मशीन तपासतात, मी तर ते झाल्याशिवाय पहिला पेशंट आत नाही घेतला कधी. फोनवर विचारून पाहा, रोज कॅलिब्रेशन होते का, टेक्निशियन शिकवून करून घेते का. पैशाची अडचण असली तर आपल्या नागपूरचे सरकारी दवाखाने आहेत, मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, तिन्हीकडे श्वसनरोग विभाग आहेत, सकाळी लवकर ओपीडीत जावं लागेल. छातीचा विभाग म्हटलं की लोकांना अजून टीबी वार्डच आठवते आणि कोणी पाहिलं तर काय म्हणतील याच्यात महिने निघून जातात. जाऊ देऊ नका.

आता तुमचे हे. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर थोडं वाकडं आहे. ज्याला काहीच तक्रार नाही अशा प्रत्येकाला धरून स्पायरोमेट्री करा असं शास्त्र सांगत नाही, अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं २०१६ मधे आणि परत २०२२ मधे तशी सरसकट चाळणी नको असंच सांगितलं, कारण त्यानं फायदा दिसला नाही. पण यांना खरंच काही त्रास नाही का, हे तुम्ही नीट पाहा, त्यांना विचारू नका, पाहा. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं खाकरतात का? पंचवीस वर्षं विडी ओढणारा माणूस त्याला त्रास समजतच नाही, तोंड धुण्यासारखं रोजचं काम समजते. मागच्या वेळी रामटेकला गडावर पायऱ्यांनी गेले होते की गाडीनं वरपर्यंत? सोबत चालताना पहिले ते पुढे राहायचे आणि आता "तू चाल पुढे, मी आलोच" म्हणतात का? माणूस दम लागते म्हणून सांगत नाही, दम लागेल ते काम गुपचूप सोडून देते. यातलं एक जरी हो असलं तर ती तक्रारच झाली, आणि पंचवीस वर्षं विडी, वरून मिरचीच्या धांसेत दिवसभर बसणं, मग त्यांची पण टेस्ट झालीच पाहिजे.

विडी सोडायला या आकड्याची मदत पण होऊ शकते. इंग्लंडमधे २००८ साली एक अभ्यास छापून आला, सिगारेट ओढणाऱ्यांची स्पायरोमेट्री करून काही जणांना त्यांच्या फुफ्फुसाचं वय सांगितलं, काहींना नुसते आकडे. वर्षानं पाहिलं तर वय सांगितलेल्यांपैकी १३.६ टक्क्यांनी सोडली होती आणि बाकीच्यांपैकी ६.४ टक्क्यांनी. शंभरातले तेरा म्हणजे काही फार नाही, पण दुप्पट आहे. तिशीनंतर सगळ्यांचाच श्वास वर्षाला वीस-तीस मिलिलीटरनं कमी होत जाते, धूर ज्याला बाधते त्याचा दुपटीनं, आणि ज्या दिवशी विडी सुटते त्या दिवसापासून ती घसरण परत हळू होते, वय पन्नास असो की साठ.

पंपाची भीती शेजारणीनं घातली ती काढून टाका. पंपाची सवय लागत नाही. औषधाचा डोस मायक्रोग्रॅममधे राहते, थेट नळीत जाते, गोळीपेक्षा कितीतरी कमी. दमा असला तर रोज लागू शकते कारण दमा रोजचा आहे, चष्मा लागतो म्हणून कोणी चष्म्याचं व्यसन म्हणते का? फक्त घ्यायची पद्धत शिकून घ्या, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, मागा, आणि स्टेरॉइडचा असला तर नंतर चूळ भरा.

शेवटी जाण्याआधीचं. टेस्टच्या दोन तास आधी पोटभर जेवू नका. साडी सैल, ब्लाउज घट्ट नको. आधीच कोणता पंप चालू असेल तर किती तास आधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. इतक्यात मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असलं, हार्ट अटॅक येऊन गेला असला, खोकल्यातून रक्त पडत असलं तर ते आत गेल्याबरोबर सांगा, मग टेस्ट पुढे ढकलतात. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, जोरात फुंकताना चाळिशीनंतरच्या बायांना लघवीचा थेंब सुटते, त्या लाजेनं कितीतरी जणी जोरच लावत नव्हत्या आणि रिपोर्ट बिघडत होता. आधी बाथरूमला जाऊन या, पॅड लावा, टेक्निशियनला हे नवीन नाही. फुंकून चक्कर आल्यासारखं झालं तर थांबा, मिनिटभरात जाते.

रिपोर्टची कॉपी मागून घ्या, आलेखासकट, आणि जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुमचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहायचा आहे. ह्यांना सोबत न्या. आणि त्या दिवशीचे सकाळचे डबे दुसऱ्या कोणावर सोपवा, दोन-तीन तास सहज जातात, घाईत फुंकलेलं परत फुंकावं लागते.